हातच्या अक्षराची कैफियत

गेल्या वर्षी पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील शाळकरी मुलांसाठी आम्ही निबंधस्पर्धा ठेवली होती. विषय मुद्दाम सोपा दिला होता : 'माझी आजी'. निबंध घरूनच लिहावेत आणि टंकलिखित करून फोनवर पाठवावेत, अशी सूचना होती. परीक्षकांच्या डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून ही सूचना मीच केली होती, हे आरंभीच कबूल करून टाकतो.

निबंध आले. पहिले तीन वाचून मन प्रसन्न झाले. शुद्धलेखन निर्दोष, वाक्ये घोटीव, परिच्छेद मापात. चौथ्या-पाचव्या निबंधापाशी मात्र काहीतरी खटकू लागले. प्रत्येक आजी 'मायेची सावली' होती. प्रत्येकीने नातवंडांना 'संस्कारांची शिदोरी' दिली होती. प्रत्येकीच्या सुरकुत्यांत अनुभवांचा ठेवा दडलेला होता. एका निबंधातील आजी तर रोज सायंकाळी देवघरात समई लावून 'शुभं करोति' म्हणत होती! वाचकहो, त्या घरी मी अनेकदा गेलो आहे. तिथे सायंकाळी रोझरी होते आणि घंटेच्या वेळेला आजी अंगणात उभी राहून 'दूताची वंदना' म्हणते. पण ज्या यंत्राने तो निबंध लिहून दिला, त्याला हे कोण सांगणार? त्याच्या हिशेबी मराठी आजी म्हणजे समई लावणारी आजी.

या सगळ्या आज्या मला ठाऊक आहेत. त्यांतल्या काहींनी तरुणपणी वाडीतली भाजी आणि फुले डोक्यावर घेऊन पहाटेची गाडी पकडलेली आहे. लाल लुगड्याच्या ओच्यात पैसे बांधून त्या मुंबईच्या बाजारांतून परतत असत. काहींनी आयुष्यात शाळा पाहिली नाही, पण केळीच्या घडाकडे नुसते पाहून तो किती दिवसांनी उतरवावा हे त्या सांगतात. यातले अक्षरही त्या गुळगुळीत निबंधांत नव्हते.

मग मी एक हट्ट केला. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर सर्व स्पर्धकांना सभागृहात बसवले, फोन एका टोपलीत जमा करून घेतले, फुलस्केप कागद वाटले आणि तोच विषय पुन्हा दिला. पहिली वीस मिनिटे फार बिकट गेली. मुले छताकडे पाहत होती, पंख्याकडे पाहत होती, एकमेकांकडे पाहत होती. "फादर, किती ओळी?" असे एकाने दोनदा विचारले. एकाला सवयच नसल्यामुळे बोट दुखू लागले. नंतर मात्र हळूहळू पेने चालू लागली.

त्या तासाभरात जे कागदावर उतरले त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांना सुमार नव्हता. पण एका मुलीने लिहिले होते की तिची आजी गाडीत कधी बाकावर बसलीच नाही, दाराशी पाट्यांजवळ उकिडवी बसे. आणि आता घरात नवा सोफा आला तरी ती त्यावर न बसता त्याला पाठ टेकून खाली जमिनीवर बसते. एका मुलाने लिहिले होते की रोझरी म्हणताना आजीला झोप लागते, पण कोणी एक 'नमो मरिया' चुकवली की ती ताबडतोब जागी होते. तिसऱ्याने एक वाक्य तीन वेळा खोडले होते. आजी आजोबांवर अजून रागावलेली आहे, पण आजोबा वारले असल्यामुळे तिला भांडता येत नाही, असे काहीसे त्याला सांगायचे होते. तिसऱ्या खाडाखोडीनंतर त्याला ते सांगता आले. त्या मुलाचा आधीचा टंकलिखित निबंध माझ्यापाशी आहे. त्यात आजी-आजोबा 'आदर्श दांपत्य' होते.

हा प्रसंग इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, त्यानंतर थोड्याच दिवसांनी आमच्या साहित्यप्रेमी मंडळींच्या बैठकीत एका उत्साही तरुण मित्राने सूचना मांडली : नियतकालिकांनी यापुढे हस्तलिखित मजकूर स्वीकारूच नये. "फादर, जग कुठे गेले आणि आपण अजून म्हाताऱ्यांचे अक्षर लावत बसलो आहोत," असे तो म्हणाला. बैठकीतल्या बहुतेकांनी माना डोलावल्या. मी विरोध केला, पण बोलण्यात मी कच्चा पडलो. म्हणून ती बाजू आता लिहून मांडतो आहे. अर्थात हातानेच.

माझा मुद्दा अगदी मर्यादित आहे. पत्रव्यवहार, हिशेब, वर्गण्यांच्या याद्या, सभेच्या सूचना हे सारे यंत्रावर खुशाल करावे; माझ्या कार्यालयातही तसेच होते. पण ज्या लेखनात माणसाला स्वतःचे काही सांगायचे आहे, मग ती कविता असो, आठवण असो, प्रवचन असो, मृताला वाहिलेली श्रद्धांजली असो, त्याचा पहिला खर्डा कागदावर आणि हातानेच झाला पाहिजे. या पहिल्या खर्ड्यातच काय सांगायचे ते ठरते. तो परक्याच्या हाती दिला तर पुढे कितीही सुधारणा केल्या तरी मजकूर आपला होत नाही.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. दोनएक वर्षांपूर्वी, मे महिन्याच्या गर्दीत, लग्ने आणि प्रथम कम्युनियनचे विधी एकामागून एक चालू असताना आमच्या एका बाईंचे निधन झाले. रात्री उशिरा मी थकलो होतो. दफनविधीचे प्रवचन दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचे होते. मी फोनला नाव, वय आणि चार गोष्टी सांगितल्या, आणि अर्ध्या मिनिटात प्रवचन तयार झाले. त्या कष्टाळू होत्या, प्रेमळ होत्या, श्रद्धावान होत्या, कुटुंबाचा आधारवड होत्या. यातले काहीच खोटे नव्हते. वसईतल्या कुठल्याही वृद्ध स्त्रीविषयी ते खरे ठरले असते. मी ते वाचले. दफनभूमीच्या फाटकाशी त्यांच्या मुलीने हात जोडले आणि म्हणाली, "थँक यू फादर, छान बोललात."

एरवी माझ्या प्रवचनानंतर लोक मला थांबवून दुरुस्त करतात. "फादर, ते पंचाहत्तर साल नव्हे, शहात्तर." "फादर, ती थोरली बहीण नव्हे, मधली." त्या दिवशी कोणीही काही दुरुस्त केले नाही, कारण दुरुस्त करण्याजोगे मी काही बोललोच नव्हतो. ती रात्र मला फार जड गेली. वही काढून बसलो आणि त्या बाईंविषयी लिहू लागलो. तीन-चार ओळी रखडल्या, मग एकाएकी आठवले की वेदीवर प्लॅस्टिकची फुले ठेवण्याला मी एकदा परवानगी दिली तेव्हा त्या दोन महिने माझ्याशी बोलल्या नव्हत्या, आणि शनिवारी सायंकाळी आपल्या कुंपणावरची अनंताची फुले घेऊन मुकाट्याने येत राहिल्या होत्या. ते पान मी महिन्याच्या मिस्सेला वाचले. मिस्सेनंतर मुलगी आली आणि म्हणाली, "फादर, अनंत नव्हे, मोगरा. अनंत शेजाऱ्यांचा." मला किती बरे वाटले म्हणून सांगू!

आता कोणी विचारील, यंत्राकडून लिहवून घेणे वेगळे आणि यंत्रावर स्वतः टंकणे वेगळे. दुसऱ्याला दोष का देता? प्रश्न रास्त आहे. स्वतः टंकलेला मजकूर स्वतःचाच असतो हे मला मान्य आहे. पण आजच्या फोनवर 'स्वतः टंकणे' ही गोष्ट दिवसेंदिवस दुर्मीळ होत चालली आहे. आपण 'माझी आ' एवढे टंकतो न टंकतो तोच वर तीन शब्द हजर होतात. 'तिच्या डोळ्यांत' असे लिहिले की 'अश्रू' पुढे येऊन उभे राहतात. कदाचित तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू असेल! पण अश्रू आयते मिळाले, बोट टेकवले की झाले. लाखो लोकांनी पूर्वी जे लिहिले त्यातले सर्वांत रुळलेले वाक्य आपल्यापुढे सरकवणे हा त्या सोयीचा धर्मच आहे. लेखकाचे काम तर नेमके ते रुळलेले वाक्य टाळून पुढे जाण्याचे. कागद काहीही सुचवत नाही. तो कोरा राहतो आणि आपल्याला लाजवतो, आणि त्या लाजेतूनच पुष्कळदा खरे वाक्य निघते.

हाताचा दुसरा गुण त्याच्या संथपणात आहे. या संदर्भात मला नेहमी धुळ्याचा तुरुंग आठवतो. १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी तेथील कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने दिली. अठरा रविवार, अठरा अध्याय. ध्वनिमुद्रणाची सोय कुठून असणार? कैद्यांमध्ये साने गुरुजी होते. त्यांनी ती प्रवचने हाताने लिहून घेतली, आणि त्यातून 'गीता-प्रवचने' हा ग्रंथ महाराष्ट्राला मिळाला. बोलणाऱ्याच्या वेगाने लिहिणे कोणाच्याच हाताला साधत नाही. त्यामुळे लिहिणाऱ्याला प्रत्येक क्षणी ऐकावे लागते, समजून घ्यावे लागते, काय ठेवायचे नि काय सोडायचे याचा निवाडा करावा लागतो. हा निवाडा करता करता तो स्वतः घडतो. पुढल्याच वर्षी, १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात त्याच गुरुजींनी ९ तारखेला 'श्यामची आई' लिहायला घेतली आणि १३ तारखेच्या पहाटे ती संपवली. पाच दिवस! हात सावकाश चालतो म्हणून पुस्तक रेंगाळते, असे म्हणणाऱ्यांनी या तारखा ध्यानात ठेवाव्यात. मनात आईच्या आठवणी भरलेल्या असल्या की हाताला वेग आपोआप येतो. मन रिकामे असले तर यंत्राचा वेग फक्त रिकामेपणा वाढवतो.

संशोधकांनीही या विषयाला हात घातला आहे. २०१४ साली अमेरिकेतील म्यूलर आणि ओपेनहायमर या दोघांनी असे दाखवले की, लॅपटॉपवर टिपणे घेणारे विद्यार्थी वक्त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवतात, आणि आशयावर प्रश्न विचारला तर हाताने टिपणे घेणाऱ्यांच्या मागे पडतात. प्रामाणिकपणे सांगायचे तर, पुढे इतरांनी तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा परीक्षेतील हा फरक तितका ठळक आढळला नाही. शब्दशः उतरवण्याची खोड मात्र तशीच दिसली. २०२४ साली नॉर्वेतील व्हान देर मेर आणि व्हान देर वेल यांनी छत्तीस विद्यार्थ्यांच्या मेंदूतील विद्युत्-हालचाली मोजल्या. एका बोटाने कळ दाबण्यापेक्षा हाताने अक्षर काढताना मेंदूच्या निरनिराळ्या भागांतील परस्परसंबंध कितीतरी अधिक विस्तृत असल्याचे त्यांना आढळले. एवढ्यावरून हाताने लिहिणारा प्रत्येक जण थोर लेखक होतो असे अर्थातच सिद्ध होत नाही. आमच्या मराठीत बोरूबहाद्दर हा शब्द काही उगाच आलेला नाही. पण 'अ' गिरवणारा हात आणि 'अ' ची कळ दाबणारे बोट एकच काम करत नाहीत, एवढे तरी मान्य व्हावे.

माझ्या तरुण मित्राचा खरा भर टिकाऊपणावर होता. "कागद कुजतो, वाळवी खाते, संगणकावरचे अमर असते," असे त्याचे म्हणणे. यावर मी त्याला आपल्याच घरातला दाखला देऊ इच्छितो.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्याला पोहोचले आणि पुढे त्यांनी मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. १६१६ साली ते राचोल येथे छापले गेले. नंतर १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापले गेले. छापखाना हे त्या काळचे नवे यंत्र. त्या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज कुठे असल्याचे ज्ञात नाही. मग ख्रिस्तपुराण आपल्यापर्यंत आले कसे? हातांनी. गोव्यापासून मंगळूरपर्यंतच्या ख्रिस्ती घरांतून लोकांनी ते लिहून काढले, पावसात जपले, पुढच्या पिढीने पुन्हा लिहून काढले. १६८४ साली गोव्याच्या विजरईने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले, तरीही लिहिणाऱ्यांचे हात थांबले नाहीत. १९०७ साली मंगळूरला सालढाणा यांनी जी आवृत्ती काढली ती अशाच हस्तलिखितांवरून. लंडनमध्ये मार्सडेन यांच्या संग्रहात जी देवनागरी प्रत सापडली तीही हस्तलिखितच. या नकलाकारांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांचे अक्षर फारसे सुंदर होते असेही नव्हे, आणि नकलताना त्यांच्या हातून पाठभेदही झाले. पण ओवी-ओवी हाताखालून गेल्यामुळे ती त्यांच्या तोंडी बसली.

याच कथेत एक विलक्षण उपरोध आहे. मराठीचे आपल्याच लिपीतले खिळे पाडता यावेत अशी स्टीफन्स यांची फार इच्छा होती. १६०८ साली त्यांनी रोमला आपल्या वरिष्ठांकडे पत्र लिहून तशी अनुमती मागितली. जवळजवळ सहाशे खिळ्यांचे काम काटछाट करून दोनशेवर आणता येईल असेही सुचवले. ते जमले नाही आणि मराठीतला तो महान ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला. आज चारशेहून अधिक वर्षांनी देवनागरीची सगळी अक्षरे आपल्या प्रत्येक मुलाच्या खिशात आहेत, आणि आपली मुले 'मी येतो' हे दोन शब्द रोमन अक्षरांत टंकतात! देवनागरीची कळफलक-पाटी शोधायला वेळ लागतो, असे ती सांगतात. स्टीफन्स यांना जे हवे होते आणि मिळाले नाही, ते यांना मिळाले आहे आणि नको आहे. आठवीतल्या एका हुशार मुलाला मी परवा 'ज्ञ' काढायला सांगितला, तर तो फोनकडे पाहू लागला.

भाषेचे म्हणाल तर आम्हा वसईकरांपुढे आणखी एक निराळे संकट आहे. आमच्या सामवेदी, वाडवळी, कोळी बोली यंत्राच्या शब्दकोशात नाहीत. बोलीतला शब्द टंकला की फोन त्याला चूक समजतो आणि शेजारचा कुठलातरी प्रमाण मराठी, प्रसंगी हिंदी शब्द बसवून मोकळा होतो. आमच्याकडच्या एका महाविद्यालयीन मुलीने आजीच्या तोंडची लग्नातली गाणी उतरवून घ्यायला सुरुवात केली तेव्हा फोनवर सांगून टंकण्याचा प्रयत्न केला होता. चार ओळींत गाण्याचे भजे झाले. शेवटी तिने शाळेची शिल्लक वही घेतली. हाताने लिहिताना प्रत्येक अनोळखी शब्दापाशी ती अडली, आणि अडल्यामुळे तिने आजीला विचारले. हा शब्द म्हणजे काय? हा उच्चार नक्की कसा? ही ओळ वधूकडच्यांनी म्हणायची की वराकडच्यांनी? आजी मग शब्दाचा अर्थ सांगता सांगता लग्नांच्या आठवणी सांगू लागे. त्या वहीच्या समासात गाण्यांहूनही मोलाचा मजकूर आहे. यंत्राने सगळे बिनचूक उतरवले असते तर त्या मुलीला अडायचे कारण उरले नसते, आणि समास कोरा राहिला असता.

आता माझ्या बाजूची दुबळी जागाही सांगितली पाहिजे. २०१८ च्या जुलैत वसई पाण्याखाली गेली तेव्हा कितीतरी घरांत कपाटांचे खालचे कप्पे भिजले. मी स्वतः एका घरी भिजलेल्या वहीची पाने दोरीवर वाळत घातलेली पाहिली आहेत. शाई पसरून पानभर निळे डाग उरले होते. त्या घरातल्या काही पानांची छायाचित्रे मुलाच्या फोनमध्ये होती, तेवढीच वाचली. तेव्हा जपणुकीसाठी यंत्र हवेच. आपल्या वह्यांची छायाचित्रे काढून दोन-तीन ठिकाणी ठेवा, असे मी घरोघरी सांगत असतो. ज्यांचा हात कापतो, ज्यांना दिसत नाही, ज्यांना अक्षरओळखच नाही, त्यांच्यासाठी बोलून टंकण्याची सोय हे वरदान आहे, आणि त्यांच्यावर हाताने लिहिण्याची सक्ती करणारा मी कोण?

बैठकीत एका विद्वान गृहस्थाने मला संत पौलाची आठवण करून दिली होती. पौलाने तरी पत्रे स्वतःच्या हाताने कुठे लिहिली? खरे आहे. रोमकरांस पत्र त्याने तोंडी सांगितले आणि तर्तिय नावाच्या लेखनिकाने लिहून घेतले. शेवटी तर्तियाने आपला सलामही त्यात घातला आहे. पण गलतीकरांचा प्रश्न आला, मन पोळले होते, तेव्हा शेवटी पौलाने लेखणी स्वतः घेतली आणि 'केवढ्या मोठ्या अक्षरांत लिहितो आहे पाहा' असे तो त्यांना बजावतो. ते अक्षर फारसे सुबक नसावे. शिवाय तर्तिय हा हाडामांसाचा माणूस होता. त्याने एखादा शब्द सुचवला असेलही, पण तो पौलाला ओळखून सुचवला असणार. कोट्यवधी अनोळखी पत्रांची सरासरी काढून त्याने पौलाचे वाक्य पुरे केले नव्हते.

अक्षर वाईट आहे ही सबब तर मी मुळीच ऐकून घेणार नाही. संत थॉमस अक्वायनस यांचे हस्ताक्षर इतके दुर्बोध होते की अभ्यासकांनी त्याला 'न वाचता येणारी लिपी' असेच नाव देऊन ठेवले आहे. तेही आपल्या लेखनिकांना मजकूर सांगत असत; पण त्यांच्या स्वतःच्या हातची पाने आजही व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहेत, आणि त्यांतल्या खाडाखोडीवरून त्यांचा विचार कुठे वळला हे पाहता येते. २८ जानेवारी २०२५ रोजी, नेमक्या याच संताच्या सणादिवशी, कृत्रिम बुद्धिमत्तेवर व्हॅटिकनचे एक निवेदन प्रसिद्ध झाले. शिक्षणाविषयी लिहिताना त्यात असा इशारा दिला आहे की, ही साधने विद्यार्थ्याला स्वतः उत्तर शोधायला आणि स्वतः मजकूर लिहायला लावण्याऐवजी आयते उत्तर हाती देऊन मोकळी होतात. त्यात यंत्राचा द्वेष नाही आणि माझ्याही मनात तो नाही. पण आपल्या धर्मग्रामांतून या इशाऱ्याची चर्चा झालेली मी तरी ऐकलेली नाही. आम्ही धर्मगुरूच जर आयती प्रवचने वाचू लागलो तर चर्चा करणार कोण?

खाडाखोडीचे महत्त्व मला सेमिनरीत कळले. आमचे प्रवचनकलेचे प्राध्यापक स्वच्छ लिहिलेला खर्डा हातात घेत नसत. "खोडलेले दाखव," म्हणत. कोणता शब्द आधी सुचला आणि का टाकला, हे ते विचारीत. बऱ्याचदा टाकलेला शब्दच बरोबर असे आणि वर लिहिलेला पुस्तकी. कागदावर तो टाकलेला शब्द आडव्या रेघेखाली जिवंत असतो. त्याच्याकडे परत जाता येते. पडद्यावर पुसलेला शब्द गेला तो गेलाच. तेव्हापासून जुन्या दिनदर्शिकांच्या पाठकोऱ्या पानांवर मी प्रवचने लिहीत आलो. एका महिन्याच्या पानावर रविवारचे प्रवचन नेमके मावते आणि पान संपले की थांबावे लागते. माझी प्रवचने लांबतात अशी ज्यांची तक्रार आहे त्यांनी ती पाने बघावीत. कागदावर ती आखूडच असतात, लांबी नंतर तोंडाने वाढते.

एका गोष्टीकडे मात्र पालकांनी गंभीरपणे पाहावे. फोन लिहिण्याचे साधन आहे म्हणून मुलाच्या हाती दिला, तरी त्याच साधनात त्याचे मित्र आहेत, खेळ आहेत, क्रिकेटचा सामना आहे, गायनवृंदाच्या सूचना आहेत. कविता दुसऱ्या ओळीपर्यंत येते आणि वर घंटी वाजते. वहीला घंटी नाही. घरात निदान एक वही, एक पेन आणि रोजचा अर्धा तास एवढे तरी मुलांना मिळावे, आणि त्या अर्ध्या तासात वडिलांनीही समोर बसून काहीतरी लिहावे. वाडीचा हिशेब लिहिला तरी चालेल. मुलगा एकटाच लिहीत बसला आणि बाप फोन पाहत बसला तर ती वही आठवडाभरसुद्धा टिकणार नाही.

माझ्या तरुण मित्राच्या सूचनेवर अजून निर्णय व्हायचा आहे. संपादकांची अडचण मला कळते. वाईट अक्षर लावत बसायला आज कोणाला सवड आहे? म्हणून मी एक तडजोड सुचवतो : नियतकालिकांनी हस्तलिखित स्वीकारणे चालू ठेवावे, ज्यांना जमेल त्यांनी हाताने लिहून नंतर स्वतःच टंकावे, म्हणजे टंकताना मजकूर आणखी एकदा तपासला जाईल, आणि ज्यांना टंकणे जमत नाही त्यांची पाने मी स्वतः संध्याकाळच्या वेळी टंकून देईन. आमच्या तीन ज्येष्ठ शिक्षिकांनीही यासाठी वेळ द्यायचे कबूल केले आहे.

यंदाची निबंधस्पर्धाही पावसाळ्यातच होईल, सभागृहात, मिस्सेनंतर. कागद आम्ही देऊ. फोनसाठी टोपली दाराशी ठेवलेली असेल. या खेपेस मोठ्यांसाठीही एक गट ठेवला आहे, आणि ज्यांचा हात कापतो त्यांनी नातवंडाला लेखनिक म्हणून सोबत आणावे. नातवंडाने मात्र स्वतःच्या पदरचा एकही शब्द घालायचा नाही. घालायचाच असेल तर तर्तियासारखा शेवटी, आपले नाव लिहून. विषय अजून ठरलेला नाही. कोणाला सुचला तर चिठ्ठीवर लिहून माझ्या कार्यालयाच्या पेटीत टाकावा. ज्यांचे अक्षर माझ्यापेक्षाही वाईट असेल त्यांनी चिठ्ठीवर आपले नाव तेवढे सुवाच्य लिहावे, म्हणजे काय लिहिले आहे ते विचारायला मला घरी येता येईल.